एका भोकाचं भांडं

थान ग्वेइरोंग वारल्या तेव्हा त्यांच्या मयताला दोन ताफे होते आणि दोघांचं सूत जुळत नव्हतं.

एक आमचा. तीन सनया, ढोल, झांजा आणि माझ्या मामाचा विजेवरचा बाजा, ज्याची एक कळ दाबली की कोंबडा आरवतो. ती कळ मयतात दाबायची नसते, पण मामाची बोटं जाड आहेत. दुसरा ताफा चर्चच्या मंडळीचा, म्हणजे नऊ म्हाताऱ्या. पांढरे झगे, छातीवर लाल क्रूस आणि झग्याखाली स्वेटरवर स्वेटर, कारण आमच्याकडे, चीनच्या हनान प्रांतात, वर्ष सरताना अशी थंडी पडते की सनई फुंकण्याआधी ती काखेत धरून उबवावी लागते.

आम्हाला बोलावलं होतं बाईंच्या थोरल्या दिरांनी, दुआन छांगगेनकाकांनी. म्हाताऱ्यांना बोलावलं होतं खुद्द ग्वेइरोंगबाईंनी, मरायच्या आधी.

गावच्या चर्चवरचा क्रूस चार वर्षांपूर्वी सरकारने क्रेन लावून उतरवला आणि इमारत ज्येष्ठांच्या करमणूक केंद्राला दिली. गावातल्या ज्येष्ठ म्हणजे याच म्हाताऱ्या. त्यामुळे त्या अजूनही त्याच बाकांवर जाऊन बसतात, फक्त समोर आता माहजोंगच्या सोंगट्या असतात. उपासना व्हायची ती ग्वेइरोंगबाईंच्या घरी, दर रविवारी, दाराला आतून कडी आणि टीव्हीचा आवाज मोठा. त्या इतक्या हळू गायच्या की देवालाही कानाचं यंत्र लागलं असतं. पण मयताला गायलेल्या गाण्याला कोणी हटकत नाही. म्हणून त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा त्या उघड्यावर, पोटातून आवाज काढून गाणार होत्या. आदल्या दिवसापासून त्यांची अशी धांदल चालली होती, जणू लग्नच आहे.

बाईंचा मुलगा पेइलिन माझा शाळासोबती. आम्ही दोघं एका बाकावर बसून नापास झालो. तो लहान असतानाच त्याचा बाप वारला. सकाळी मी अंगणात सनई काखेत घेऊन उभा होतो तेव्हा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शुआनझू, एक भानगड आहे."

भानगड अशी. आमच्याकडे शवपेटी दारातून निघताना मुलगा गुडघ्यांवर बसतो, मातीचं एक भांडं डोक्यावर उचलतो आणि विटेवर आपटतो. एका फटक्यात फुटलं पाहिजे, दुसरा फटका अशुभ. भांड्याच्या बुडाला जितकी मुलं तितकी भोकं पाडतात. माणसाने जन्मभर जितकं पाणी नासलं, ते सगळं वर गेल्यावर त्याला प्यायला लावतात म्हणे; भोकांमधून ते गळून जातं. पेइलिन एकुलता, म्हणून भोक एकच. भांडं फुटल्याशिवाय भावकीतला कोणी पेटीला खांदा देत नाही. आणि जो भांडं फोडतो, घर त्याचं. कचेरीतले कागद काही म्हणोत, गाव हेच मानतं.

आणि बाईंनी शेवटच्या दुखण्यात पेइलिनला सांगितलं होतं, "माझ्यासाठी ते भांडं फोडायचं नाही. आपण प्रभूची माणसं."

"मग वर धुण्याचं पाणी पिणार का तू?"

"त्याने पाण्याचा द्राक्षारस केला. तो मला धुण्याचं पाणी कशाला पाजेल?"

"त्याने तुझं धुणं बघितलेलं नाही."

बाई हसल्या, मग खोकल्या, खूप वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "शब्द दे. आणि रविवारी दार उघडं ठेव. त्यांना दुसरी जागा नाही."

पेइलिनने शब्द दिला. आता अंगणात पेटी होती, पेटीत राखेचा डबा होता आणि छांगगेनकाकांच्या हातात भांडं होतं.

डब्याचंही सांगतो. आमच्याकडे पुरायला बंदी आहे, म्हणून माणसाला आधी नेऊन जाळतात, राख डब्यात घालून आणतात, डबा पूर्ण मापाच्या पेटीत ठेवतात आणि पेटी पुरतात. बंदी पाळली जाते, पुरणंही होतं. भोपळ्याएवढ्या डब्यासाठी आठ जणांचे खांदे जातात एवढंच.

"काका, मी तिला शब्द दिलाय," पेइलिन म्हणाला.

"तू दिलास. मी कुठे दिला?" काका म्हणाले. "तिला माझ्या भावाशेजारी ठेवायचंय ना? मग त्याच्या रीतीने ने."

नऊ जणींच्या पुढारीचं आडनाव नी, आम्ही तिला नी मावशी म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, पण मंडळीत तिला सगळे भगिनीच म्हणतात. ती पुढे आली. "छांगगेन, पेटी राहू दे. डबा आमच्याकडे दे. आम्ही नेतो पाळीपाळीने."

"कशातून नेणार?"

"पिशवी आहे माझ्याकडे."

"म्हणजे माझ्या भावाची बायको कोबीसारखी पिशवीतून जाणार?"

"प्रभू गाढवावरून गेला."

"गाढवावरून गेला ना? पिशवीतून नाही ना गेला?"

तेवढ्यात काकांचा मुलगा पेइहू मध्ये पडला. पेइहूचा मांडवाच्या खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा आहे. त्याने सकाळीच ग्वेइरोंगबाईंच्या मोठ्या खोलीत उभं राहून छताकडे पाहत तोंडातल्या तोंडात कसला तरी हिशोब केला होता.

"कशाला त्या बिचाऱ्याला छळता, बाबा?" पेइहू म्हणाला. "त्याचा धर्म आडवा येतोय. मी फोडतो ना. माझ्या हाताला काय झालंय?"

पेइहूने फोडलं तर घर पेइहूचं, आणि रविवारी त्या खोलीत म्हाताऱ्यांऐवजी खुर्च्या. पेइलिनने फोडलं तर आईला दिलेला शब्द गेला. कोणीच फोडलं नाही तर आई अंगणात.

पेइलिन मला भिंतीमागे घेऊन गेला.

"मी फेकणार," तो म्हणाला. "पण विटेवर नाही. शेजारी मक्याचा कडबा आहे ना, त्याच्यावर. फेकलं हे काका बघतील. फुटलं नाही हे आई बघेल."

"आणि देव?"

"तो दोन्ही बघेल. त्याला सवय असेल."

मला ती युक्ती आवडली. नंतर सगळे म्हणाले की हा शुद्ध मूर्खपणा होता, पण त्या वेळी भिंतीमागे आम्ही दोघंच होतो आणि दोघांनाही तो पटला.

पेटीला दांडे बांधले. आठ जण दांड्यांपाशी वाकून उभे राहिले. दाराबाहेर नऊ जणींनी गायला सुरुवात केली. खरं सांगतो, मी सनई तोंडाला लावलेली काढली. त्यांचा आवाज चांगला नव्हता. दोघींना सूरच नव्हता आणि एकीला दात नव्हते. पण चार वर्षं उशीत तोंड खुपसून गायलेल्या माणसाला एकदम आभाळ मिळालं की काय होतं ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. मामाने ढोलवाल्याला हाताने थांबवलं. चाल सोपी होती. मी ती मनातल्या मनात बोटांवर घेत होतो.

पेइलिन गुडघ्यांवर बसला. त्याने भांडं डोक्यावर उचललं. ते पाहून म्हाताऱ्यांचा सूर हलला, पण थांबला नाही.

त्याने फेकलं. भांडं विटेला चुकवून कडब्यावर पडलं, घरंगळत खाली आलं आणि अंगणाच्या मधोमध सरळ बुडावर बसलं. कोणी तोंड धुवायला मांडून ठेवावं तसं.

दांड्यांपाशी वाकलेले आठ जण सरळ झाले आणि मागे सरकले. छांगगेनकाकांच्या तोंडाचा रंग उडाला. "ती जात नाही म्हणते," ते पुटपुटले. इतके दिवस मला वाटायचं काका नुसते हट्टी आहेत. ते खरोखर घाबरले होते.

बाहेर म्हाताऱ्यांनी मात्र त्याचा वेगळाच अर्थ लावला. नी मावशीने डोळे मिटले, आणि गाणं चढलं. मी पेइलिनकडे पाहिलं. तो गुडघ्यांवरच होता, आणि हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावत होता. गाण्याच्या एका ओळीपुरतं सगळं जमलं होतं.

मग पेइहू पुढे आला. "तुझा एक फटका झाला," तो अगदी प्रेमाने म्हणाला, "आता सरक, भावा." आणि वाकून त्याने भांड्याच्या काठाला हात लावला.

पेइलिनने ते त्याच्या हातातून हिसकलं आणि विटेवर आपटलं.

चांगलं फुटलं. खापरीचा एक तुकडा माझ्या बुटापर्यंत आला. त्याला अर्धं भोक होतं.

गाणं ओळीच्या मधेच थांबलं. कोणी खूण केली नव्हती, नऊच्या नऊ एकदम थांबल्या. त्या शांततेत छांगगेनकाका ओरडले, "वाजवा रे," आणि घाईघाईत मामाचं बोट पडलं. कोंबडा आरवला.

भावकीतल्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. कोणाला तरी हसूही आलं. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि नी मावशीने झग्याचं वरचं बटण काढलं.

मग आम्ही वाजवलं. पेटी उठली. गव्हाच्या हिरव्या शेतातून आम्ही तिला पेइलिनच्या बापाशेजारी नेलं, काकांनी मेलेल्याच्या खर्चासाठी नोटांसारखे कागद जाळले, सगळं रीतीने झालं. नऊ जणी आल्या नाहीत. पेटी दारातून जाईपर्यंत त्या उभ्या होत्या, मग झगे घडी करून त्याच कोबीच्या पिशवीत भरून घरी गेल्या.

घर पेइलिनचं झालं. पेइहूने त्याला सिगारेट दिली आणि म्हणाला, "मनात काही ठेवू नकोस." छांगगेनकाका गावभर सांगत फिरले की पोरगा शेवटी दुआनांचाच निघाला.

रविवारी पेइलिनने खोली झाडली, बाक मांडले, थर्मासांत गरम पाणी भरलं, सूर्यफुलाच्या बिया बशीत काढल्या आणि टीव्ही मोठ्याने लावला. आईने सांगितलं होतं तसं दार उघडं ठेवलं. मग टीव्ही मोठ्याने आणि दार उघडं, यात काही अर्थ नाही असं वाटून त्याने दार लोटलं. मग पुन्हा उघडलं. मी बियांसाठी गेलो होतो. बराच वेळ बसलो. कोणी आलं नाही.

"तू जाऊन बघतोस?" तो म्हणाला.

मी करमणूक केंद्रात गेलो. सगळ्याजणी तिथेच होत्या. नी मावशी सोंगट्या रचत होती.

"मावशी, तो पाणी तापवून बसलाय."

"माहीत आहे." तिने एक सोंगटी टाकली. "बाळा, आम्ही त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याला सांग. पेत्र प्रभूचा पट्टशिष्य, त्यानेही प्रभूला नाकारलं होतं, कोंबडा आरवायच्या आधी. त्याला क्षमा झाली."

"मग पेइलिनला पण होईल ना?"

"झालीसुद्धा असेल."

"मग चला की."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ते मला आवडलं नाही. "पेत्राच्या घरी नंतर कोणी उपासनेला गेलं का, ते लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "तिथे बसलं की आम्हाला भांडं फुटल्याचा तो आवाज ऐकू येणार. या वयात किती आवाज सोसायचे?"

"मग गाणार कुठे?"

"गाऊन झालं की त्या दिवशी," पलीकडची बिनदातांची म्हणाली. "तुझी पाळी, नी भगिनी."

मी परत येऊन पेइलिनला फक्त पहिला अर्धा भाग सांगितला, रागावलेल्या नाहीत एवढाच. उरलेला त्याला कळला. त्याने बशी माझ्याकडे सरकवली.

"तू ते का फोडलंस?" मी विचारलं. "पहिल्याने तर जमलं होतं."

तो बाकांकडे बघत राहिला. "पेइहूचा हात लागला ना, तेव्हा मला या खोलीत खुर्च्या दिसल्या. भिंतीपर्यंत रचलेल्या. मला वाटलं म्हाताऱ्या कुठे बसतील." मग म्हणाला, "आई दिसली नाही. नेमकी त्या वेळी आईच दिसली नाही."

मी बिया फोडत राहिलो. टीव्हीवर एक माणूस डुकरांचं खाद्य विकत होता.

"सनई आहे जवळ?"

"काखेतच आहे."

"त्यांचं ते गाणं वाजव."

"अर्धंच येतं रे. त्या मधेच थांबल्या."

"पुढचं कोणाला येतं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. नऊ जणींना येत होतं, आणि दहावी गव्हाच्या शेतात होती.

मी अर्धं वाजवलं. सनई हळू वाजत नाही, तिचा तो स्वभावच नाही. जिथे म्हाताऱ्या थांबल्या होत्या तिथपर्यंत आलो आणि थांबलो. पेइलिनने पुन्हा वाजव अशी मान हलवली. मी पुन्हा तिथपर्यंत गेलो.

भिंतीवरून शेजारीण डोकावली. हाताला पीठ होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, "आता कोण गेलं?"

"तीच," पेइलिन म्हणाला.