सिंहाचं तोंड कोणाचं?

शहराचा झेंडा कसरीने खाल्लाय हे नगरपालिकेच्या लक्षात आलं, तेव्हा स्थापनादिन अगदी तोंडावर आला होता.

झेंडा होता परक्या राजवटीतला. ते लोक केव्हाच गेले, पण शहराच्या गळ्यात एक मानचिन्ह बांधून गेले. मधे ढाल, ढालीवर गलबत, एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला सिंह, आणि खाली कोणालाच न कळणाऱ्या भाषेतली एक ओळ. या मुलुखात सिंह कधी कोणी पाहिला नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या बघून बघून लोकांना तो घरचाच वाटायला लागला होता. आणि कसरीने नेमकं त्याचंच तोंड खाल्लं होतं.

नवा झेंडा करायचं काम आलं वहिनीकडे. अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. खिडकीपाशी मशीन टाकून ती पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे शिवायची, आणि भरतकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नगरपालिकेच्या कारकुनाने जुना झेंडा तिच्यापुढे पसरला.

"याला तोंडच नाही," वहिनी म्हणाली.

"कचेरीच्या दारावर दगडात कोरलंय, तिथलं बघा की."

"बघितलं. झिजून झिजून साबणाची वडी झालीय त्याची."

"मग तुमच्या मनाने काढा हो. मांजर दिसू नये म्हणजे झालं."

आणि मांजरच दिसायला लागलं. गलबत झालं, घोडा झाला, सिंहाचे पंजे, शेपटी, आयाळ, सगळं झक्क झालं. पण तोंड भरलं की मांजर. उसवलं, पुन्हा भरलं, पुन्हा मांजर. नवरा डोकावून म्हणाला, "वा! गोड झालीय हं मनी." वहिनीने कात्री अशी आपटली की तो चपलाही न घालता बाहेर सटकला.

तेवढ्यात जिना दणाणला. नणंदबाई उतरत होत्या. नवऱ्याची ही थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहायची आणि खालच्या मजल्यावर राज्य करायची.

"ओले कपडे कठड्यावर कोणी टाकले?"

कमरेवर हात, नाकपुड्या फुललेल्या, एक भुवई पार कपाळात, हनुवटी पुढे. एरवी वहिनी अशा वेळी मान खाली घालायची. आज ती टक लावून बघत राहिली.

"बघतेस काय अशी?"

"काही नाही, वन्सं. जरा पुन्हा विचारा ना."

"काय विचारू पुन्हा?"

"तेच, कपड्यांचं."

नणंदबाईंनी दुप्पट आवाजात विचारलं. तोवर वहिनीची सुई चालायला लागलीसुद्धा होती. लग्नापासून पोटात साठलेलं सगळं पिवळ्या रेशमातून भराभर बाहेर पडत होतं, आणि तिला मनातल्या मनात हसू आवरत नव्हतं.

स्थापनादिनाला चौकात ही गर्दी. दोरी ओढली, वाऱ्याने झेंडा फडकला, आणि नवऱ्याने आ वासला.

"अगं, ही तर आपली ताई!"

"हळू बोला," वहिनी पुटपुटली. पण शेजारच्या चार बायका आधीच पदराआड खिदळत होत्या. नणंदबाईंनी वर पाहिलं. पाहतच राहिल्या. मग वहिनीच्या दंडाला असा चिमटा बसला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी चल. मग बघते तुझ्याकडे."

आता वर्षभर काही खरं नाही, हे वहिनीने ओळखलं.

इकडे नगराध्यक्ष भाषणाला उभे राहिले. माणूस गोल गरगरीत, डोक्याचा तुळतुळीत गोटा. त्यांनी झेंड्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला.

"मंडळी, असं काढा म्हणून मी कोणालाही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "पण कलावंताच्या नजरेतून काय सुटतं? ती करारी हनुवटी, ती भुवई... हा चेहरा तुमच्या ओळखीचा आहे. हा मान मी संकोचाने, पण स्वीकारतो."

टाळ्या पडल्या. चिमटा सुटला. वहिनीने वळून पाहिलं तर नणंदबाई शेजारी नव्हत्याच. गर्दी कापत त्या मंचाच्या पायऱ्या चढत होत्या.

"ओ साहेब! ते तोंड माझं आहे."

"बाई, आपला काहीतरी गैरसमज..."

"गैरसमज कसला? त्याला आयाळ आहे, दिसत नाही?" असं म्हणून त्यांनी साहेबांच्या डोक्याकडे अशी नजर टाकली की चौकात हशा पिकला.

मग कोणीतरी ओरडलं, दोघांना झेंड्याखाली उभं करा. दोघं उभी राहिली, हनुवट्या पुढे काढून. तेवढ्यात वारा पडला आणि झेंडा वाळत घातलेल्या चादरीसारखा लोंबला. सगळा चौक माना वर करून वाऱ्याची वाट बघत उभा! वारा आला तेव्हा निम्मे लोक म्हणाले बाई, निम्मे म्हणाले साहेब. शेवटी वहिनीलाच वर बोलावलं.

एकीकडे नगरपालिकेची कामं, दुसरीकडे घरचा जिना.

"चेहरा वन्संचा आहे," ती म्हणाली. "डरकाळी मात्र साहेबांचीच."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि खूश होऊन हात जोडले. झेंड्यावरच्या सिंहाची डरकाळी कोणाला ऐकू येते, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर नणंदबाईंनी विचारलं, "माझं नाक खरंच इतकं वाकडं आहे?"

"छे हो, वन्सं. वाऱ्याने दिसलं असेल तसं."

पुढच्याच आठवड्यात कचेरीतल्या टेबलांसाठी छोट्या झेंड्यांचं काम आलं. वहिनी दोरा ओवत होती, तोच नणंदबाई खाली आल्या. ठेवणीतली साडी, केस चापूनचोपून बसवलेले. खिडकीसमोर खुर्ची ओढून त्या बसल्या आणि भुवई चढवली.

"हं, घे बघून. नाक सरळ काढ या वेळेला. आणि ते कपडे पुन्हा कठड्यावर..."

"बोलू नका, वन्सं. हलतंय तोंड."

नणंदबाई खरोखरच गप्प बसल्या. नवरा दारात आला, बहिणीला तोंड मिटून बसलेली पाहून घाबरला, आणि ताप आहे का म्हणून हळूच तिच्या कपाळाला हात लावून गेला.