नऊ ते दहा

"मावशी, तुम्ही घाईत दोन-दोनदा बटण दाबता, म्हणून अटकतं," केदार म्हणाला. पेशंटांची रांग दारापर्यंत गेली होती आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

कंपू भागातल्या या खासगी दवाखान्यात मी बावीस वर्षं खिडकीवर बसून पेशंटांच्या पर्च्या बनवतेय. केदार हा पाटणकर बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. संगणक सांभाळायला त्याला इथे मीच चिकटवलं. म्हणून त्याचं खरं मानलं, एकेक बटण जपून दाबू लागले. तरी रोज सकाळी नऊ ते दहा मशीन ढिम्म. लोक खेकसायचे, मी मुकाट ऐकून घ्यायची.

शेवटी समरजीत मॅनेजरांनी बोलावलं. "शरयूजी, अब आपसे नहीं हो रहा. सोमवार से फ़ाइलवाले कमरे में बैठिए." केदार तिथेच उभा होता. त्यांनी त्यालाही विचारलं.

"मशीन तो ठीक है, सर," तो म्हणाला.

सोमवारी माझ्या खुर्चीवर नवी सोनिका बसली, मी काम दाखवायला शेजारी. मशीन तशीच अडली. पोरीने काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं.

"मावशी, ही तर स्वतःचीच साफसफाई करतेय. अपडेट, बॅकअप, सगळं. इस लिनक्स सिस्टम में ये रात के काम हैं. रात्री कोणी बंद करतं का?"

मीच करायची. घरी जाताना मेन स्विच पाडायचा, ही माझी शिस्त. मग रात्रीची राहिलेली कामं मशीन सकाळी सुरू झाल्याबरोबर उरकायला घ्यायची.

केदारला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत ती कामं दुपारी तीनवर टाकली, तेव्हा रांग नसते. फक्त दोन मिनिटं लागली.

"तुला ठाऊक होतं?"

"दिवाळीपासून." तो खाली बघत होता. "सर पूछते, इतने दिन क्या कर रहे थे. माझी नोकरी अजून पक्की नाही, मावशी."

मेल्या, 'स्विच पाडू नका' एवढं मला कानात सांगितलं असतंस, तर मी काय तुझं नाव घेतलं असतं? केसानं गळा कापलास, आणि वर मावशी म्हणतोस. हे सगळं मनातच राहिलं.

"आता तरी साहेबांना सांग," एवढंच म्हणाले.

"सांगतो."

पंधरा दिवस झाले. दर महिन्याला साखर तपासायला येणारे महिपतराव काल फाइलींच्या खोलीत डोकावले.

"शरयूताई, इथे होय तुम्ही? बरं झालं, आराम मिळाला. नवी मुलगी मात्र चटपटीत आहे हो. पाच मिनिटांत पर्ची हातात."

"आहेच चटपटीत," मी म्हटलं, आणि त्यांची जुनी फाइल काढायला स्टुलावर चढले.