माझे हरवलेले दोन इंच

मी एक फूटपट्टी आहे. नाव फूट, लांबी दहा इंच. हसा खुशाल, मीही हसतेच.

सुताराने मला घडवलं तेव्हा मी पुरती बारा इंच होते. एका शिक्षिकेच्या टेबलावर माझं बस्तान बसलं. मी सरळ रेघा ओढल्या, मुलांना धाकात ठेवलं. जगातलं सगळं वाकडं आपणच सरळ करणार, अशी माझी खात्री होती.

मग एके दिवशी बाईंनी रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला मला झाकणाच्या फटीत खुपसलं. झाकण जागचं हललं नाही. मी मात्र मोडले. शून्यापासून दोनपर्यंतचा तुकडाच गेला. बाईंनी तुटकं टोक घासून गुळगुळीत केलं आणि मला घरी मागच्या दारी, खुरप्याशेजारी टांगलं.

ऊन तापण्याआधी, दर वसंतात, बाई वाफ्यांवर पाचोळा पसरतात. त्याने माती ओली राहते. थर चार इंचांचा हवा. मला पाचोळ्यातून मातीपर्यंत उभी खुपसायची, पाचोळा संपतो तिथला आकडा बघायचा आणि पुटपुटायचं, "सहा दिसले, म्हणजे चार."

यंदा बाईंचा हात प्लास्टरमध्ये. त्यांचा मुलगा म्हणाला, "परसात फरशी घालून टाकू. दरवर्षीची कटकट मिटेल."

"घालून तर बघ!" धाकटी बहीण उसळली. ती सहा वर्षं दूरदेशी मातीचा अभ्यास करून नुकतीच परतली होती. "दादा, एक महिना दे. टोमॅटो जगले तर बाग राहील."

"आणि मेले तर?"

"तर बोलाव फरशीवाल्याला."

तीन दिवस ती राबली. हाताला फोड आले. "आई, मातीलाही पांघरूण लागतं, ती जिवंत असते," असं तिचं चालूच होतं.

"हो गं बाई, आधी चहा घे," आई म्हणायची.

मला हातात घेऊन तिने चाळीस ठिकाणी मोजलं. "सगळीकडे बरोब्बर चार!"

मी गप्प राहिले. मला तोंड नाही, ही सबब आहेच. पण खरं सांगू? मला आवडत होतं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होतं.

दोन आठवड्यांत माती भेगाळली, टोमॅटोंनी माना टाकल्या. भाऊ नमुन्याची फरशी घेऊनच आला. लेक पायरीवर बसली. "सहा वर्षं मी शिकले तरी काय?"

बाईंनी चांगल्या हाताने पाचोळा उकरला. "हे चार इंच आहेत होय?"

"मोजलेत मी!"

"कशाने?"

तिने मला पुढे केलं. बाई इतक्या हसल्या की प्लास्टरमधला हात दुखला. "अगं, हिला खालचे दोन इंच नाहीतच! तू गेलीस त्याच वर्षी मोडली ही."

"मग सांगायचं ना!"

"घरात सगळ्यांना माहीत आहे गं..."

बाई बोलता बोलता थांबल्या. लेक मान खाली घालून माझं टोक चाचपत राहिली.

"चुकलं माझं," बाई हळूच म्हणाल्या. "ऊठ, भरपूर पाणी दे आणि अजून दोन इंच टाक."

भावाने फरशी पायरीवर ठेवली, "मोजायचं तर धड मोजा," असं पुटपुटला आणि पाचोळ्याचं पोतं ओढत आणलं.

टोमॅटो जगले, सगळे नाही, पण पुरेसे. त्या फरशीवर आता चपला ठेवतात.

काल शेजारच्या काकू मला मागायला आल्या. लेक वाफ्यात वाकलेली होती. मान वर न करताच म्हणाली, "न्या की काकू. फक्त सहा दिसले की चार समजा हं."

माझी शोभा अशी गल्लीभर झाली. पण इतकं बरं मला बारा इंचांची असतानाही वाटलं नव्हतं.

तुमच्याही दारामागे माझ्यासारखी एखादी असेलच. कुणी लांबून घरी परतलं, तर त्याला पहिल्याच दिवशी तिची खोड सांगून टाका. आम्ही स्वतःहून सांगू, या भरवशावर राहू नका.