नांगर आला का?

सुनेने बोटांवर मोजलं. "आम्ही दोघं, मुलं दोन, आणि आई-बाबा. सहा. बरोब्बर सहा!"

यातले आई-बाबा म्हणजे तिचे. मी तिच्या मागे दीड हातावर उभी होते, तिचीच पर्स सांभाळत.

विक्रेत्याने धक्क्याला दोन मोटारबोटी शेजारी शेजारी बांधून ठेवल्या होत्या. एक लाल, टोकदार, सहा जणांची. तिच्यात चढायला तीन पायऱ्यांची शिडी. दुसरी हिरवी, रुंद, आठ जणांची. तिचा काठ बुटका आणि बाजूला चक्क दार. "लाल पळते, हिरवी चालते," विक्रेता म्हणाला. माझ्या मुलाची नजर लालवरून हलेना.

"आणि मी रे?" मी विचारलं.

"आई, तुझे गुडघे त्या शिडीवर चढणार आहेत का? तू किनाऱ्यावर मस्त सावलीत बस, डबे सांभाळ." मग विक्रेत्याकडे वळून हसत म्हणाला, "आमच्या घरातला नांगर आहे हा. जागचा हलत नाही."

विक्रेता हसला. सूनही हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नांगर! हा शब्द माझ्या नवऱ्याचा. आमची जुनी होडी होती, खोकणाऱ्या इंजिनाची. रविवारी सगळे चढले की हे विचारायचे, "नांगर आला का?" मग मी यायची, एका हातात डबे आणि कडेवर हाच कार्टा. मी मधल्या फळीवर बसले की होडीचं डुलणं थांबायचं, आणि तेव्हाच हे दोर सोडायचे. मला घेतल्याशिवाय ती होडी एकदाही सुटली नाही. एकदा वारा पिसाळला तेव्हा याला पोटाशी आवळून मी एका हाताने पाणी उपसलं होतं. नांगर होडीबरोबर जातो. किनाऱ्यावर टाकून जातात त्याला अडगळ म्हणतात.

पर्स सुनेच्या हातात कोंबली, हिरवीचं दार उघडलं आणि आत जाऊन मधोमध बसले.

"आई, अगं काय करतेस? लोक बघतायत!"

"बघू देत."

"आपलं लाल घ्यायचं ठरलंय."

"तुम्हा सहा जणांचं ठरलं असेल. सातवीला कोणी विचारलं नाही."

सून खाली वाकली. "आई, उतरा ना. माझे आई-बाबा काय दर वेळी थोडेच येणार आहेत?"

"म्हणजे एरवी त्यांच्या रिकाम्या जागा तुम्ही फिरवून आणणार, आणि मी डबे राखणार?"

विक्रेत्याला अचानक दोरीची गाठ तपासावीशी वाटली.

"चेष्टा केली गं मी," मुलगा पुटपुटला.

"शब्द बापाचा उचललास, तर पुरता उचल. ते काय विचारायचे?"

तो बराच वेळ लाल बोटीकडे बघत राहिला. माझे गुडघे ठणकत होते, पण मरेन तरी त्याला सांगणार नव्हते. शेवटी तो दारातून आत आला. बोट जराही डुलली नाही. ते त्याच्याही लक्षात आलं. विक्रेत्याकडून हिरवीची चावी घेतली आणि माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं,

"नांगर आला का?"

"कधीचा आलाय," मी खेकसले. "दोर सोड."