गोकुळाचा स्वभाव

"बाई, माह्या गोकुळाले तुमी कोन्त्या सोभावात धरलं होतं?"

दारात उभ्या असलेल्या गिरजाबाईंचा प्रश्न इंदिराबाईंना आधी कळलाच नाही. मूल गावच्या कन्याशाळेतल्या आठवीच्या मुलींनी माना वर केल्या. याच वर्गातली गोकुळा भादव्यातल्या हिवतापात बघता बघता गेली होती. तिची ही आई, तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातली. शाळेची पायरी त्या आज पहिल्यांदाच चढल्या होत्या.

"आत या ना, गिरजाबाई."

"नाई, मी इथीच बरी. घरी येऊन थे सांगे, आमच्या बाई मानसाचे सोभाव शिकवते. तापट, हसरे, उदास, शांत. म्हने, आई तू तापट, बाबा उदास. मी म्हटलं, आन् तू कोन? तं म्हने, थे मले नाई समजत, बाईले इचारीन." त्यांनी इंदिराबाईंकडे पाहिले. "इचारलं का तिनं?"

तिने विचारले नव्हते.

इंदिराबाई लहानपणीच विधवा झालेल्या. तुझ्या मनात काय आहे, असे त्यांना कधी कोणी विचारले नाही. पुढे जबलपूरला ट्रेनिंगला गेल्यावर मानसशास्त्राचा तास त्यांना तहान भागावी तसा वाटला. परत आल्यावर त्यांनी शनिवारचा नीतिपाठाचा तास मागून घेतला. राग का येतो, भीती कुठून येते, हेवा वाटला तर काय करावे, यावर वयात येणाऱ्या मुलींशी त्या बोलत. स्वभावाचे प्रकार सांगताना 'शांत' म्हटले की त्यांचे बोट गोकुळाकडे जाई. ती मान खाली घाली आणि धडा पुढे सरके.

तोच शब्द आता ओठांवर आला, पण तो त्यांनी गिळला. त्या मुलींकडे वळल्या.

"तुम्हीच सांगा गं. तुम्ही तिच्याजवळ बसत होतात."

मुली हळूहळू बोलू लागल्या. मलिका म्हणाली, कोणाचं डोकं दुखत असलं तर आधी तिलाच कळे. दुसरी म्हणाली, शिवणाच्या तासाला ती आपल्याशीच गाणं गुणगुणे. गिरजाबाई प्रत्येकीकडे वळून ऐकत होत्या.

"रागावे का थे?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या.

"घरी कधी रागावली नाई. भाऊ सांभाळले, जाळी धुतली, माह्या शिव्या खाल्ल्या. उलटून शबद नाई. मले वाटून राह्यलं, मीच तिचा राग मारून टाकला. राग मारला का मानूस आतून सुकते, असं तुमीच शिकवलं होतं ना?"

इंदिराबाईंनी ते शिकवले होते. ट्रेनिंगच्या परीक्षेत त्यावर पानेच्या पाने लिहिली होती. खडू हातातच राहिला.

"माह्यावर रागावली होती, मावशी."

मागच्या ओळीतून खातून उठली होती. बाबूभाई शिंप्याची ही मुलगी गोकुळाच्या शेजारी बसायची.

"काऊन?"

"मी म्हटलं, तुह्या हाताले मच्छीचा वास येते." खातूनचा आवाज बारीक झाला. "तं तिनं माही पाटी ढकलून देल्ली. म्हने, माह्या आईच्या हाताले येते तोच वास आहे हा. तुले नाई सोसत तं दूर बस. लय दिवस बोलली नाई मंग."

गिरजाबाईंनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "कशी रागावली थे? करून दाखव मले."

खातूनने इंदिराबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. खातून खाली बसली, ओठ घट्ट मिटले आणि झटक्यात पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केले.

"आनखीन एक डाव कर."

खातूनने पुन्हा तशीच पाठ फिरवली, पण या वेळी तिने तोंड परत इकडे वळवले नाही. तिचे खांदे हलू लागले.

गिरजाबाई आत आल्या. तागाच्या टाटपट्टीवर, त्या पाठमोऱ्या मुलीच्या मागे बसल्या. तिला हात लावला नाही.

"रागाव माय," त्या हळूच म्हणाल्या, "रागाव."