बोंडूला घूस चावली

मी सुंगटी बोलतेय. मालवणच्या किनाऱ्यावरच्या विठोबा नावाच्या मच्छीमाराची कुत्री. आमच्याकडे कोळंबीला सुंगट म्हणतात. माझी शेपूट तशीच वळलेली, म्हणून त्याच्या बायकोने, हिराने, हे नाव ठेवलं.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव सालचा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की जाळी मागच्या खोलीत येतात आणि त्यांच्या वासाने उंदीर-घुशीही. मी त्यांना धरायचे. विठोबा येईल त्याला कौतुकाने सांगायचा. कुत्रं कामाचं निघालं की माणसांना भारी अभिमान वाटतो.

दोन हजार चार साली मला पिल्लं झाली. त्यातला एकच घरी राहिला, काजूच्या बोंडासारखा तांबूस बोंडू. त्याला जाळ्यांच्या खोलीत मीच नेलं. श्रावणात एका सकाळी त्याने घूस पकडली. ती उलटून त्याच्या ओठाला कडकडून चावली.

"हळद लाव गो," विठोबा हिराला म्हणाला. "घुशीचो चावो तो. दोन दिवसांनी बरो होतलो."

जखम खरंच सुकली. पण आठवड्याने बोंडूने भात हुंगून सोडला. ओकाऱ्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटू लागले. अंग इतकं दुखत होतं की हिराने पाठीवर हात ठेवताच तो गुरगुरला.

शेजारचा भिकाजी कुंपणाबाहेरूनच ओरडला, "हो पिसाळलो रे विठोबा! लाळ बघ तेची. बांधून घाल, नायतर कोणाक तरी चावतलो."

विठोबाने त्याला लांब माडाला बांधलं आणि मला पडवीत. मी दोरी ताणून ताणून मानेचं कातडं सोलून घेतलं. बोंडू रिकाम्या करवंटीचा तळ चाटत राहिला.

"तेका पाणी होया रे," हिरा म्हणाली.

"जवळ जाव नको!"

तिने ऐकलं नाही. करवंटी भरली आणि वल्ह्याने पुढे सरकवली. बोंडूने ती एका दमात संपवली आणि तिच्याकडे बघितलं. तिने पुन्हा भरली. दिवसभर ती हेच करत होती.

तिसऱ्या दिवशी विठोबा जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी हातमोजे घालून बोंडूचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"हा पिसाळलेला नाही. याला उंदीर-घूस काही चावली होती का?"

"व्हय. पण जखम सुकली होती," विठोबा म्हणाला.

"वरून सुकली. हा लेप्टो वाटतोय. उंदरांच्या मुतातून येतो, चाव्यातूनही शिरू शकतो. मूत्रपिंडं गेली आहेत याची. चार दिवस आधी बोलावलं असतंत तर काही करता आलं असतं. आणि तुम्हीही हात साबणाने धुवा, माणसांनाही होतो हा."

त्यांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. विठोबाने स्वतः दोरी सोडली, मलाही सोडलं. मी बोंडूचं तोंड चाटायला धावले, तर डॉक्टरांनी मला धरून ठेवलं. संध्याकाळी तो गेला.

खड्डा भिकाजीने खणला.

आता मी अकरा वर्षांची आहे. मला दरवर्षी लेप्टोची लस टोचतात. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या कुत्र्याला उंदीर चावला, तर जखम केवढी ते बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

विठोबाने जाळ्यांच्या खोलीला जाड पत्रा ठोकलाय. फट कुठेच नाही. तरी हिरा मला त्या दाराजवळ बसू देत नाही. मी बसले, तर हातातलं काम टाकून येते आणि मला उचलून पडवीत नेते. मी जड झालेय, तिची कंबर दुखते. तरी उचलूनच नेते.