चाळीस हात, मग माप

मी एक जुनी कानस आहे. मित्रांनो, कानस म्हणजे लोखंड घासून सरळ करायची दातेरी पट्टी. बारा इंच लांबी आणि मागे लाकडी मूठ. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. नसू द्या. मला आता कशाचे फारसे वाईट वाटत नाही, दाते झिजले की सगळेच बोथट होऊन जाते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी तेलकट कागदात गुंडाळलेली होते आणि भलत्याच तोऱ्यात होते. सोलापुरातल्या एका आयटीआयच्या फिटर वर्कशॉपमध्ये मला आणले. पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला, "आयला, लोण्यावानी कापतीय की!" तेवढे कौतुक मला दोन वर्षे पुरले. दरवर्षी दहावी झालेली नवी मुले यायची. पेन धरलेले मऊ हात माझ्या मुठीवर पडायचे, फोड यायचे, फुटायचे, मग घट्टे पडायचे. वर्ष-दोन वर्षांनी ती कुठल्यातरी कंपनीत लागायची आणि मला विसरायची. विसरावेच. कानशीला कोण पत्र पाठवणार?

हळूहळू माझे दाते गेले. वर्कशॉपमधल्या सगळ्याच कानशींचे गेले.

नव्या कानशी नव्हत्या असे नाही. भिंतीजवळच्या लोखंडी कपाटात चांगल्या दोन डझन होत्या. पण कपाटाला कुलूप होते आणि किल्ली आमच्या सोमशेखर सरांच्या खिशात. सर वाईट नव्हते हो. घरात पाहुण्यांसाठी चांगल्या कपबशा वर ठेवतात ना, तशा त्यांनी त्या कानशी तपासणीच्या साहेबांसाठी ठेवल्या होत्या. तपासणी आली की टेबलावर मांडायच्या, साहेब गेले की पुसून पुन्हा आत. आणि मुलांसाठी सरांनी एक नियम केला होता, "चाळीस हात मारायचे, मग माप बघायचं." कारण माझ्यासारखीने चाळीस वेळा घासले तरी लोखंड केसभरच निघायचे.

मागच्या वर्षी मी सिद्धेश्वरीच्या वाट्याला आले. अक्कलकोटकडच्या गावाहून ती पहाटेच्या एसटीने यायची. वडील रुद्रप्पा, म्हणजे तिचे अण्णा, टेम्पो चालवायचे. त्यांनी तिला एकच वर्ष दिले होते. कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली तर पुढे शिकायचे, नाहीतर गणवेशाच्या कारखान्यात धागे कापायला बसायचे. तिथे तिची मावशी होती, जागा ठरलेली होती. हे तिने शेजारच्या टेबलावर घासणाऱ्या ओवीला सांगितले, तेव्हा मी दोघींच्या मध्ये पडले होते.

पोरगी जिद्दीची. गावच्या शाळेतून आणलेले खडूचे तुकडे ती माझ्या दात्यांवर चोळायची, म्हणजे लोखंडाचा कीस अडकत नाही. मला असे कोणी जपले नव्हते. पण खडूने दाते थोडेच उगवतात?

"सर, ही लोखंड खातच न्हाय की," ती एकदा म्हणाली. "कपाटातली एक द्या की."

"अगं, त्या तपासणीच्या हायत. तुमी वापरून टाकल्यावर साहेबाला काय दाखवू, माझं डोस्कं? जोर लाव, जोर!"

तिने जोर लावला. सगळे अंग माझ्यावर टाकून ती घासायची. ओठांत मोजायची, चाळीस झाले की माप घ्यायची. वर्षभरात तो जोर आणि ते चाळीस तिच्या हातात मुरले.

मार्चमध्ये चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीचे लोक मुले निवडायला आले. लोखंडाचा तुकडा घासून बरोबर पन्नास मिलिमीटरवर आणायचा, एवढीच परीक्षा. जागा चार. त्यांनी कानशी आपल्याच आणल्या होत्या, कोऱ्या. सिद्धेश्वरीने मला बाजूला ठेवले आणि नवी उचलली.

मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

तिने सवयीने अंग टाकले. एक, दोन, तीन. कीस भराभरा खाली पडू लागला. ती हरखली. तिला वाटले, आज हात चांगला चाललाय. चाळीस झाले तेव्हाच थांबली आणि माप घेतले. एकोणपन्नास पूर्णांक चार. घासलेले लोखंड परत चिकटवता येत नाही, मित्रांनो. ती रडली नाही. तुकडा टेबलावर ठेवून बाकावर जाऊन बसली. ओवीचाही तुकडा गेला. चारही जागा दुसऱ्या संस्थेतल्या मुलांनी घेतल्या.

सगळे गेल्यावर सरांनी कपाट उघडले. नवी कानस काढून एका तुकड्यावर दहा हात मारले. मग मला घेऊन दुसऱ्यावर दहा मारले. दोन्ही तुकडे मापले, तर नवीने माझ्या कितीतरी पट लोखंड काढले होते.

जूनमध्ये सिद्धेश्वरी दाखला न्यायला आली. सर म्हणाले, "ये, ही नवी घे. एकदा घासून बघ. जोर लावू नकोस. पाच हात, मग माप." तिने घासले. दुसऱ्या मापाला तिचा हात हलका झाला. अर्ध्या तासात तुकडा पन्नासवर आला, अगदी बरोबर.

"चूक तुझी नव्हती गं," सर म्हणाले. "माझ्या कपाटाची हुती. पुढच्या वर्सी परत बसशील?"

"अण्णा न्हाय म्हणत्यात." तिने कानस पुसून जागेवर ठेवली. "पण आता जमलं की, सर." मग तिने भिंतीवरचे घड्याळ पाहिले. धागे कापायची तिची पाळी दोनला सुरू व्हायची. ती गेली.

मला तेव्हाही काही वाटले नाही, असे मी म्हणणार होते. पण ते खोटे होईल. वाटले.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत अशी कपाटे असतील. त्यातली चांगली वस्तू शिकणाऱ्याच्या हातात आधी द्या. झिजली तर झिजू द्या, ती त्यासाठीच असते. आमच्याकडे आता नव्या मुलांना पहिल्याच दिवशी कोरी कानस मिळते. मी भंगाराच्या पेटीत आहे. माझ्या दात्यांत अजून तिचा खडू आहे, आणि शेजारी त्या कपाटाचे कुलूप पडले आहे.